काळ्या वायलची खोळ

दोंडाईचा,
मंगळवार, दुपार

प्रिय मृणाली,

सप्रेम जय भीम. प्रशीलरावांनाही सांग. सांचीला पापा.

रविवारी फोनवर तू बोललीस आणि मी नुसतं 'बरं' म्हणालो. ते 'बरं' परत घेण्यासाठी हे पत्र आहे. फोनवर मला ते जमलं नसतं. तू एकदा 'नाना' म्हणालीस की माझं निम्मं बोलणं विरघळून जातं, आणि उरलेल्या निम्म्यात सांची फोन ओढून घेते आणि बाहुलीचा फ्रॉक कधी शिवणार ते विचारते. (फ्रॉक झाला आहे, सोबत पाठवतो आहे.) शिवाय लिहिलेलं दोनदा वाचता येतं. तू दोनदा वाच. पहिल्या वाचनात तुला माझा राग येणार आहे. येऊ दे, पण पत्र फाडू नकोस.

तू जे सांगितलंस ते आधी पुन्हा लिहितो, म्हणजे मी नीट ऐकलं होतं हे तुला कळेल. सांचीच्या शाळेत डोळे तपासले, तिचा डावा डोळा कच्चा निघाला. जळगावच्या डॉक्टरांनी चष्मा दिला आणि चांगल्या उजव्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी बांधायला सांगितली. दोन दिवस तू बांधलीस. तिसऱ्या दिवशी पोर दाराच्या चौकटीवर आपटली, गोंदानं तिची कातडी लाल झाली, ती रडली, तू रडलीस, आणि पट्ट्यांचा डबा फ्रिजवर गेला. प्रशीलराव म्हणतात बांधू या, तू म्हणतेस नाही. आणि मग तू म्हणालीस, "आईनं मला दोन वर्षं आंधळं करून ठेवलं, नाना. हाती काय लागलं? डोळा होता तसाच राहिला. तुम्ही होतात म्हणून मी ते दिवस काढले. मी माझ्या पोरीला नाही छळणार."

तुझं हे सगळं बोलणं एका समजुतीवर उभं आहे, आणि ती समजूत चुकीची आहे. हे जगात मला एकट्यालाच माहीत आहे, असं मी गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं धरून चाललो होतो. रविवारी संध्याकाळी कळलं की तेही खरं नव्हतं. पण ते नंतर सांगतो.

आधी डोळ्याबद्दल थोडं. तू हसशील, सातवी पास टेलर तुला डोळा शिकवणार. पण मागच्या वर्षी धुळ्याला माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तिथे चष्म्याचा नंबर काढणारा सुकदेव म्हणून माणूस भेटला, साक्रीकडचा, बोलका. माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दुसऱ्याचं महिन्यानं व्हायचं होतं. तो महिना मी एकेक डोळा झाकून बघण्याच्या खेळात काढला. नव्या डोळ्यानं पांढरा सदरा पांढरा दिसायचा, जुन्यानं तोच सदरा चहा सांडल्यासारखा. म्हणजे आठ-दहा वर्षं मी लोकांच्या पांढऱ्या कपड्यांना पांढरा म्हणून कोणता दोरा लावत होतो कोण जाणे. पारसमल शेठच्या सूरजबाईंनी एकदा ब्लाउज परत आणला होता, दोरा पिवळा आहे म्हणून. मी त्यांच्याशी चांगली हुज्जत घातली होती. चाळीस वर्षं कापड बघतोय बाई, असं ऐकवलं होतं. ऑपरेशननंतर मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो आणि माफी मागून आलो. ती माफी सोपी होती, दोऱ्याचीच होती.

सुकदेवकडे प्लॅस्टिकचा मोठा डोळा होता, पेरूसारखा दोन फाकांत उघडणारा. पुढे काच, मागे पडदा, पडद्यावर चित्र उमटतं आणि तेही उलटं. मी लगेच विचारलं, मग आम्हाला सगळं सुलट कसं दिसतं? तो म्हणाला, भाऊ, डोळा नुसता आत पाठवतो, बघणारा मेंदू आहे. आणि जिथून नस आत जाते तिथे पडद्याला काही दिसतच नाही, प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्यात तेवढी एक जागा आंधळी असते. माझा विश्वास बसेना. घरी येऊन करून बघितलं. काळ्या कापडावर चार बोटांच्या अंतरानं दोन पांढरी बटणं ठेवली, कापड फूटभर लांब धरलं, डावा डोळा मिटला आणि उजव्यानं डावीकडच्या बटणाकडे टक लावली. कापड थोडं पुढेमागे केलं आणि एका ठिकाणी उजवीकडचं बटण गेलं. नाहीसंच झालं. त्याच्या जागी भोक दिसायला हवं की नाही? दिसलं नाही. तिथे काळं कापड दिसत होतं, सलग. मेंदूनं आजूबाजूचं कापड घेऊन तिथे रफू केलं होतं, आणि रफू इतकं साफ की माझ्या हाताला जन्मात जमलं नसतं. तुझ्या उजव्या डोळ्यानं तू हे करून बघ. एकदा केलंस की 'मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय' असं कुणी म्हणालं तर तू थोडी थांबशील.

आता कच्च्या डोळ्याचं. सुकदेवला मी तुझं नाव न घेता विचारलं, एका मुलीचं असं असं आहे म्हणून. तो म्हणाला, एका डोळ्याचा नंबर लहानपणापासून खूप असला की त्याच्याकडून आत जाणारं चित्र कायम धूसर. मेंदू दोन्हीकडची चित्रं जुळवायला बघतो, जुळत नाहीत, मग तो धूसर चित्र घेणंच सोडून देतो. मी माझ्या भाषेत समजून घेतलं. दुकानात दोन कारागीर आहेत, एक रोज काम बिघडवून आणतो, तर मालक सगळं काम दुसऱ्याला देतो. बिघडवणारा बसून राहतो आणि जे येत होतं तेही विसरतो. त्याला शिकवायचं असेल तर चांगल्या कारागिराला काही तास रजेवर पाठवावं लागतं, पूर्ण रजेवर. तो पडद्याआडून हात घालत राहिला तर दुसरा कधीच शिकणार नाही. आणि हे सगळं सात-आठ वर्षांच्या आत, पुढे मेंदूचं वळण पक्कं होतं. त्यानंतर डोळा कितीही धडधाकट असला तरी फारसा उपयोग होत नाही. सांची साडेपाच वर्षांची आहे. तिच्याकडे दोन वर्षं आहेत. तुझ्याकडेही होती.

तुझं कसं कळलं ते तुला आठवत असेल. पहिलीत हिलाल गुरुजींनी पाटीनं मुलांचा एकेक डोळा झाकून फळा वाचायला लावला. उजवा झाकल्यावर तू म्हणालीस, गुरुजी, फळा पुसला का? गुरुजी संध्याकाळी दुकानात आले. पुढच्या आठवड्यात आम्ही तुला धुळ्याला नेलं. त्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं, चष्मा आणि उजव्या डोळ्यावर पट्टी, रोज सहा तास.

तुझी आई तेव्हा मिरचीच्या पथारीवर जायची, गावाबाहेरच्या मैदानात मिरची वाळवतात तिथे. पहाटेपासून दुपारपर्यंत मिरचीचे देठ खुडायचे. हंगाम सरला की गोदामात निवडायचं काम. घरी आल्यावर ती बेसनानं हात धुवायची, तेल लावायची, पुन्हा धुवायची, तरी बोटांतली मिरची जायची नाही. पहिल्या आठवड्यात तिनं एकदा तुझी पट्टी चिकटवली आणि तुझा डोळा असा पेटला की तू तासभर किंचाळत होतीस. त्या दिवसापासून तिनं तुझ्या तोंडाला हात लावला नाही. तू धावत गेलीस की ती दोन्ही हात वर करून तुला लांबच थांबवायची, "जोडे येऊ नको, हातले मिरची शे." तुला आठवतं ते एवढंच, की आई समोर पोत्यावर बसायची, घड्याळाकडे बघायची आणि जवळ घ्यायची नाही. तू एकदा प्रशीलरावांना सांगत होतीस, आई जेलरसारखी बसायची. मी तिथेच भाजी निवडत होतो.

पुढे गोंदानं तुझी कातडी सोलायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, चष्म्याच्या काचेवर कापडाची खोळ चढवा, चालेल, फक्त आरपार दिसता कामा नये. खोळ शिवणं माझं काम. धुणं, बदलणं, चष्म्यावर चढवणं हेही माझंच, कारण माझ्या हाताला मिरची नव्हती. आमची वाटणी ठरून गेली. खोळीला हात मी लावायचा, घड्याळ तिनं सांभाळायचं.

पहिली खोळ मी काळ्या पॉपलीनची दुहेरी शिवली. चोख. ती चढवली की तू भिंत धरून चालायचीस. ताटातली भाकरी चाचपायचीस. माझ्या दुकानात कापडांच्या ताग्यांमध्ये बसून तू हळू आवाजात रडायचीस, मोठ्यानं रडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. दीड महिना मी ते ऐकलं. मग चैत्र लागला, खोळीखाली घाम येऊन तुला पुळ्या आल्या, आणि मला निमित्त मिळालं. हवा खेळती राहावी म्हणून मी एक खोळ काळ्या वायलची शिवली, एकेरी. कडेला पॉपलीन, मध्ये वायल. मृणाली, वायल म्हणजे किती पातळ तुला माहीत आहे. पण काळं पातळ कापड बाहेरून बघणाऱ्याला काळंच दिसतं, आणि तेच डोळ्याला टेकवलं की पलीकडचं सगळं दिसतं. खिडकीच्या जाळीला डोळा लावावा तसं. मी ती खोळ शिवून आधी माझ्या डोळ्याला लावली. समोरच्या दुकानाची पाटी मला वाचता आली.

मला वाचता आली, तरी मी ती तुझ्या चष्म्यावर चढवली. हवेचं निमित्त दोन मिनिटं टिकलं. तू डोकं वर केलंस, उठलीस, भिंत न धरता दारापर्यंत गेलीस आणि म्हणालीस, नाना, आता दिसतंय. मी म्हणालो, म्हणजे डोळा शिकायला लागला बघ. तू हसलीस. तुझी चूक काहीच नाही. सुकदेव सांगत होता, आपल्याला कोणत्या डोळ्यानं दिसतंय हे मोठ्या माणसालाही कळत नाही, दिसतंय एवढंच कळतं. तू सहा वर्षांची होतीस. तुला वाटलं डावा डोळा उघडला. तुझ्या आईलाही तेच वाटलं. तिनं दुसऱ्या दिवशी पथारीवरच्या बायांना गूळ वाटला.

आणि मी रोज ती खोळ धुवायचो, वाळवायचो, चढवायचो. फाटली की तशीच दुसरी. सगळ्या वायलच्या. दुकानात तू माझ्याशेजारी बसून बटणं लावायचीस, गप्पा मारायचीस. 'तुम्ही होतात म्हणून मी ते दिवस काढले' असं तू म्हणतेस ते हे दिवस. सोसायला सोपे होते, कारण त्या दिवसांत तुझा डावा डोळा काही करतच नव्हता. बघत होता तो उजवा.

वर्षानं धुळ्याला गेलो. डॉक्टरांनी त्यांच्या पद्धतीनं उजवा डोळा पक्का झाकला आणि तू वरच्या मोठ्या अक्षरांपुढे अडलीस, पहिल्या दिवशी अडली होतीस तिथेच. डॉक्टरांनी विचारलं, पट्टी बांधता ना? तुझी आई म्हणाली, रोज सहा तास, घड्याळ लावून. डॉक्टर चिडले. बाई, पट्टी बांधली असती तर एवढ्या वर्षभरात काहीतरी सुधारलं असतं, खोटं बोलून पोरीचं नुकसान करता आहात, असं ते चार पेशंटांसमोर म्हणाले. तुझ्या आईनं माझ्याकडे बघितलं, साक्षीला. मी म्हणालो, "बांधते ती, साहेब." शब्दाला शब्द खरं होतं. त्याच्यापुढचं एक वाक्य मी बोललो नाही.

परतीच्या एसटीत ती खिडकीला टेकून बसली. सोनगीरला गाडी थांबली, तू किल्ला किल्ला करत होतीस, तेव्हा ती मला म्हणाली, "माले एक सांगा, मन्हं काय चुकनं?" मी तुला किल्ल्याचा बुरूज दाखवत बसलो.

त्या आठवड्यात मी पॉपलीनची खोळ पुन्हा शिवली. खरंच शिवली. ती चार दिवस तुझ्या चष्म्यावर होती. पाचव्या दिवशी तू शाळेच्या पायरीवरून पडलीस आणि भुवईवर दोन टाके पडले. ती खूण तुझ्या भुवईवर अजून आहे, आणि आईनं तास वाढवले म्हणून पडले असं तू सांगतेस. तास तिनं वाढवले होते, डॉक्टरांच्या बोलण्यावरून, सहाचे आठ. पण तू पडलीस कारण त्या चार दिवसांत वर्षभरानं पुन्हा तू खरोखर डाव्या डोळ्यानं चालत होतीस. तुझं रक्त बघून मी पॉपलीन काढली आणि वायल चढवली. पुढे वर्षभर आठ-आठ तास वायल. तुझ्या आईनं तेवढं वर्ष तुझा राग घेतला, शेजारणींचं बोलणं ऐकलं, आणि शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, सोडा आता, काही मुलांना नाही लागू पडत.

बोलायला हवं होतं. तू साडेसात वर्षांची होतीस, थोडा तरी वेळ शिल्लक होता. मी रोज ठरवायचो, उद्या. कसली भीती होती विचारशील तर तुझ्या आईची नव्हती, डॉक्टरांचीही नव्हती. तू माझ्याकडे ज्या नजरेनं बघायचीस ती नजर जाईल याची होती. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर बरं झालं असतं.

त्याचं पुढे काय झालं ते तू जगली आहेस. कपात चहा ओतताना तुझी धार अजून बशीत पडते, सुईच्या नेढ्यात दोरा जात नाही, उतरताना शेवटची पायरी तू पायानं चाचपतेस. खोली कळायला दोन्ही डोळे लागतात. आणि पोलीस भरती. मैदानी झाली, लेखी झाली, आणि धुळ्याला मेडिकलमध्ये डाव्या डोळ्यावर काढलं. त्या दिवशी घरी येऊन तू आईला म्हणालीस, "तू बांधून बांधून घालवलास माझा डोळा." ती आत जाऊन पीठ मळायला बसली. मी मशीनवर होतो. पाय थांबले होते, तेवढंच.

आता रविवारचं. फोन ठेवल्यावर मला वाटलं, ती खोळ कुठे असेल तर बघावी. तुझी आई जाऊन तीन वर्षं झाली, तिची पेटी मी उघडली नव्हती. तुझ्या चष्म्याचं जुनं घर पेटीत तळाशी होतं, आणि त्या घरात खोळ, वायलची. मी उलटून बघितली. तीन बाजूंना माझी मशीनची टीप. चौथ्या बाजूची टीप उसवलेली होती आणि ती बाजू हातानं पुन्हा शिवलेली होती, हिरव्या दोऱ्यानं, तिरक्या टाक्यांनी. माणसाचा टाका मी ओळखतो, अक्षर ओळखावं तसा. तो तुझ्या आईचा, लीलाचा टाका होता. तिनं कधीतरी ती खोळ उसवली, कापड हातात घेतलं, डोळ्याला लावलं आणि पुन्हा शिवून ठेवली.

कधी, तेही मला आता कळतं. सोनगीरचा तो प्रश्न ती मला वर्षानुवर्षं विचारायची, दर दोन-चार महिन्यांनी, भाकरी थापता थापता, कपडे वाळत घालता घालता. तुझ्या मेडिकलनंतर तिनं तो कधी विचारला नाही. मला वाटलं, थकली. त्याच सुमाराला एकदा मी धीर करून म्हणालो होतो, मृणूच्या डोळ्याबद्दल एक सांगायचंय. तिनं मला पुढे बोलू दिलं नाही. "ऱ्हाऊ द्या आते," म्हणाली, "तिले तिन्हा नाना ऱ्हाऊ द्या." मला वाटलं, तिला तो विषयच नकोसा झालाय, आणि मला सुटल्यासारखं झालं. तिला तेव्हा सगळं माहीत होतं, आणि तरी ती मला वाचवत नव्हती. आई आधीच तुझ्या मनातून उतरलेली होती, बापही उतरला तर तुला घरात कुणी राहणार नाही, असा तिचा हिशेब होता. तुझे ते शब्द डोक्यावर घेऊन ती पुढे कितीतरी वर्षं राहिली, आणि रोज सकाळी मला दुकानात चहा आणून देत राहिली.

तिनं राखलेलं मी आज मोडतो आहे. ती असती तर सांचीसाठी तिनंच मोडलं असतं, याची मला खात्री आहे. तुझा डोळा पट्टीनं गेला नाही, आणि पट्टी लागू पडली नाही असंही नाही. पट्टी तुला बांधलीच गेली नव्हती. दोन वर्षांत मोजून दोन महिने खरी पट्टी होती, बाकी सगळी मी शिवलेली फसवणूक. आई खरं बोलत होती, डॉक्टरांकडेही आणि घरीही. ज्याच्या मायेवर तू सगळं तोललंस त्या माणसानं तुझा डोळा घालवला, आणि तीच माया आता तू सांचीवर करायला निघाली आहेस. माझ्यावर रागव, बोलू नकोस, मी ते घेईन. मला त्याची सवय नाही, पण घरात ते कसं घ्यायचं हे मी बघितलेलं आहे.

शेजारचा नवल उद्या सकाळच्या गाडीनं जळगावला येतो आहे, त्याच्याबरोबर ही पिशवी देतो. बाहुलीच्या फ्रॉकखाली सहा खोळी आहेत, सांचीच्या चष्म्याच्या मापाच्या, प्रशीलरावांनी मला काचेचं माप पाठवलं आणि डॉक्टरांना विचारूनही घेतलं. काळी पॉपलीन दुहेरी, मध्ये अस्तर, कडेनं उजेड येऊ नये म्हणून बाजूला पाकळी. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. प्रत्येक खोळ आधी तुझ्या उजव्या डोळ्यावर घट्ट धर आणि खिडकीकडे बघ. उजेडाचा ठिपका जरी दिसला तरी ती फेकून दे. काही दिसलं नाही, तर खोळ तशीच धरून डाव्या डोळ्यानं सांचीकडे बघ. ती तुला जशी दिसेल, तसंच तिला चार तास सगळं दिसणार आहे, तूसुद्धा. म्हणून ते चार तास तिच्याजवळ बस. तुझ्या हाताला मिरची नाही, तिला मांडीवर घेऊन बस. तुझी आई समोर पोत्यावर बसायची, दोन्ही हात पदराखाली धरून, पण पूर्ण वेळ बसायची.

तुझाच,
नाना